पहिला गेम लॅबला पाठवताय? आधी हे वाचा

‘मी कॅसिनो गेमच्या सर्टिफिकेशनचं काम करते’ असं पणजीत कोणालाही सांगा. समोरच्याची नजर मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींकडे वळते आणि प्रश्न येतो, ‘कुठल्या बोटीवर?’ कुठल्याच नाही. गोंयकारांना तर १ फेब्रुवारी २०२०पासून त्या बोटींवर खेळायला जायचीही बंदी आहे. हे काम पर्वरीतल्या नाहीतर पाटोवरच्या एखाद्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसून होतं. परदेशातल्या परवान्यांखाली चालणारा स्लॉट, रुले किंवा पत्त्यांचा गेम स्टुडिओने बनवला की तो स्वतंत्र लॅबकडे पाठवायचा, लॅबच्या शंका निस्तरायच्या आणि शेवटी सर्टिफिकेट पदरात पाडून घ्यायचं.

फर्मागुडीहून इंजिनिअरिंग किंवा कुठूनतरी स्टॅटिस्टिक्स करून आलेल्या नव्या मुलांच्या गळ्यात हे काम बहुतेक वेळा न सांगता पडतं. जुना माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याची एक्सेल शीट तेवढी मागे राहिलेली असते. अशांसाठी हा लेख.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. लॅब तुमच्या कंपनीला सर्टिफिकेट देत नाही, गेमच्या नावालाही देत नाही. ती देते एका ठरावीक बिल्डला, म्हणजे गेमच्या त्या एका तयार आवृत्तीला, आणि तेही एका ठरावीक बाजाराच्या नियमांपुरतं. पुढच्या निम्म्याहून जास्त अडचणी हे विसरल्यामुळेच उभ्या राहतात.

१. कोड उघडण्याआधी कायदा

२०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वर्षानुवर्षं कोर्टात घोळणारा वाद या कायद्याने बाजूलाच ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम, मग तो कुठल्याही प्रकारचा असो, भारतातल्या लोकांना देता येणार नाही. देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार पुरे करून देणारेही यात येतात.

गोव्यात अनेकांचा इथे घोळ होतो. ‘आपल्याकडे कॅसिनो चालतात, मग ऑनलाइनही चालत असणार’ असं त्यांना वाटतं. पंचतारांकित हॉटेलांतली मशिनं आणि बोटींवरची टेबलं १९७६च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांवर चालतात. त्या परवान्याचा इंटरनेटवरच्या गेमशी काहीही संबंध नाही.

आणि लॅबचं सर्टिफिकेट म्हणजे कायदेशीर परवानगी नव्हे. पत्ते नीट पिसले जातात एवढं लॅब सांगते; ते कुठे पिसायला परवानगी आहे, हे ती सांगत नाही.

कायद्याच्या कलमात गेम ‘देणं’ याच्या जोडीला त्याला मदत करणंही धरलेलं आहे. म्हणून स्टुडिओ फक्त परदेशी बाजारासाठी काम करत असला तरी वकिलाचं लेखी मत फायलीत हवं, आणि गेम आपल्या साइटवर चालवणाऱ्या ऑपरेटरबरोबरच्या करारात गेम भारतात दिसणार नाही असं स्पष्ट कलम हवं. नोकरीला लागताना हे दोन्ही कागद बघायला मागा. मागायला लाजू नका. जमिनीचे दावे चालवणारा ओळखीचा वकील मात्र इथे पुरत नाही. आयटी आणि गेमिंगचं काम केलेला शोधा.

२. बाजार ठरवा

‘आधी गेम सर्टिफाय करू, मग कुठे विकायचा ते बघू’ हे मालकाचं आवडतं वाक्य असतं. त्याला थांबवा. नियम बाजारागणिक बदलतात, आणि त्याप्रमाणे गेमही बदलावा लागतो.

ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१पासून ऑनलाइन स्लॉटची एक फेरी किमान अडीच सेकंदांची असावी लागते, फेऱ्या आपोआप चालू ठेवणारा ऑटोप्ले चालत नाही. लावलेल्या पैशापेक्षा कमी किंवा तेवढाच पैसा परत आला तर जिंकल्यासारखं संगीत आणि रोषणाई दाखवता येत नाही. ९ एप्रिल २०२५पासून स्लॉटवर एका फेरीला कमाल ५ पाउंड, आणि २१ मे २०२५पासून १८ ते २४ वयोगटाला २ पाउंड. जर्मनीत एका फेरीला कमाल १ युरो आणि फेरी सरासरी किमान ५ सेकंदांची. म्हणजे एकाच गेमच्या किमान दोन वेगळ्या मांडण्या झाल्या, आणि दोन्ही वेगळ्या तपासून घ्यायच्या.

न्यू जर्सीची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या सरकारी गेमिंग विभागाची स्वतःची तांत्रिक प्रयोगशाळा आहे. वेळापत्रक आखताना हे धरून चाला.

ज्या बाजारात स्वतःचे तपशीलवार नियम नसतात तिथे बहुतेकदा जीएलआय या लॅबचं जीएलआय-१९ हे मानक धरलं जातं. ते ऑनलाइन गेमिंगच्या सिस्टिमसाठी आहे. प्रत्यक्ष कॅसिनोत उभ्या असलेल्या मशिनांसाठी जीएलआय-११. नावं सारखी, आकडा वेगळा. चुकीचा कागद वाचत बसू नका. मानकं जीएलआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या आठवड्यात जीएलआय-१९ पूर्ण वाचून काढा. कंटाळवाणं आहे, पण लॅबची शंका कुठून येते ते त्यानंतरच कळायला लागतं.

३. लॅब निवडा

नेहमी कानावर पडणारी नावं चार. बीएमएम १९८१ साली मेलबर्नला सुरू झालेली, जीएलआय १९८९पासून न्यू जर्सीची, इकोग्रा २००३पासून लंडनची आणि आयटेक लॅब्ज २००४पासून मेलबर्नची. भारतातल्या रमीच्या ॲपवर वर्षानुवर्षं जे शिक्के दिसायचे त्यांत आयटेकचा बऱ्याचदा असायचा, म्हणून ते नाव इथल्या मुलांना ओळखीचं असतं.

लॅबला विचारायचे प्रश्न:

- आयएसओ/आयईसी १७०२५ची, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, मान्यता आहे का, आणि त्या मान्यतेच्या व्याप्तीत आपल्याला हवी ती तपासणी येते का? नुसता ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द पुरेसा नाही. व्याप्तीचा कागद मागा. एखादी लॅब बॅटऱ्या तपासण्यासाठीही मान्यताप्राप्त असू शकते.
- ज्या देशात गेम जाणार आहे तिथल्या नियामकाच्या यादीत लॅबचं नाव आहे का? यादी नियामकाच्या संकेतस्थळावरच तपासा. लॅबच्या विक्रीवाल्याच्या ईमेलवर विसंबू नका.
- फी गेममागे की तासामागे? पहिल्या फेरीत चुका निघाल्या तर दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे का?
- एका तपासणीवर किती देशांची सर्टिफिकेटं मिळतील?

तिसरा प्रश्न लाज न बाळगता दोनदा विचारा. कोटेशनमध्ये पहिली फेरी स्वस्त दिसते; पैसा जातो तो पुनर्तपासणीत.

लॅब चूक दाखवते, दुरुस्ती सांगत नाही, हेही नव्या माणसाला खटकतं. ‘एवढं कळलंय तर सांगा ना कसं करायचं!’ पण ज्याने दुरुस्ती सुचवली त्यानेच मग ती तपासायची, हे स्वतंत्र तपासणीत बसत नाही. त्याच कारणासाठी, गणित लिहून देणाऱ्या सल्लागाराने ‘तपासूनही मीच देतो’ म्हटलं तर तिथून निघा.

४. आरएनजी: इथे वेळ द्या

आरएनजी म्हणजे यादृच्छिक आकडे देणारा भाग. बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं, म्हणून आधी त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग गेमची. एकच आरएनजी दहा गेमना वापरत असाल तर त्याची तपासणी एकदाच होते. प्रत्येक गेमच्या रिपोर्टात त्याचा संदर्भ येतो. गेम दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणार असेल आणि आकडे तिथून येणार असतील तर त्या कंपनीकडून त्यांच्या आरएनजी सर्टिफिकेटची प्रत आणि वापराचं पत्र घ्या.

जत्रेत गडगडा खेळवणाऱ्याच्या डब्यात कोणी डोकावत नाही. इथे डबाच उघडून लॅबच्या हाती द्यावा लागतो. लॅब तीन गोष्टी बघते: सोर्स कोड, कच्च्या आकड्यांची संख्याशास्त्रीय चाचणी आणि त्या आकड्यांचं पत्त्यांत किंवा खान्यांत रूपांतर झाल्यावरची चाचणी. चाचण्यांची नावं वाचून घाबरू नका. ची-स्क्वेअर, रन्स, सीरियल कोरिलेशन हे पदवीच्या पुस्तकातलेच. त्यांचे तयार संच आहेत: जॉर्ज मार्साग्लिया यांचा १९९५चा डायहार्ड, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेचा ८००-२२. पाठवण्याआधी स्वतः चालवून बघा.

आता सापळे. तीनही नेहमीचे आहेत.

पहिला: चाचणी पास, तरी आरएनजी नापास. मर्सेन ट्विस्टर ही पद्धत संख्याशास्त्रीय चाचण्यांत सहसा चांगली दिसते, आणि पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये तीच आहे. पण तिचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे कोणी बघितले तर पुढचे सगळे सांगता येतात. जुगाराच्या गेमला ‘अंदाज बांधता येऊ नये’ ही अट आहे, नुसतं ‘विस्कळीत दिसावं’ एवढी नाही. क्रिप्टोग्राफीसाठी बनवलेला जनरेटरच घ्या.

दुसरा: सीड, म्हणजे आरएनजी ज्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुढचे आकडे काढतो तो. १९९९ साली अमेरिकेत एका सॉफ्टवेअर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ऑनलाइन पोकरची पिसणी फोडली. आमचा खेळ प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी पोकरवाल्यांनी आपला पिसण्याचा कोड स्वतःहून जाहीर केला होता! ५२ पत्त्यांच्या मांडण्या ८वर ६७ शून्यं एवढ्या. पण त्यांचा सीड ३२ बिटांचा, म्हणजे फार तर ४२९ कोटी मांडण्या निघू शकत होत्या. त्यातही सीड मध्यरात्रीपासून सरलेल्या मिलिसेकंदांवरून घेतलेला, म्हणजे ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर उरल्या सुमारे २ लाख. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते कळले की त्या २ लाखांतली नेमकी कुठली ते ओळखता येत होतं, तेही खेळ चालू असताना. तुमच्या कोडमध्ये सीड कुठून येतो, पुन्हा कधी बदलतो आणि सर्व्हर बंद पडून सुरू झाला की काय होतं, हे एका पानात लिहून ठेवा. लॅब विचारणारच.

तिसरा: रूपांतर. यात हुशार मुलंही अडकतात. रुलेच्या युरोपीय चाकावर ३७ खाने. प्रोग्रॅमरने एक बाइट घेतला, म्हणजे ० ते २५५पैकी एक आकडा, त्याला ३७ने भागलं आणि बाकी उचलली. २५६ला ३७ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे ० ते ३३ हे खाने २५६पैकी ७ वाटांनी येतात आणि ३४, ३५, ३६ हे फक्त ६ वाटांनी. एका आकड्यावर लावलेल्या पैशाचा परतावा असायला हवा ९७.३० टक्के, पहिल्या गटात तो होतो ९८.४४ आणि दुसऱ्यात ८४.३८. कच्चे आकडे निर्दोष, गेम सदोष. उपाय सोपा आहे: २२२ किंवा त्यावरचा आकडा आला तर तो टाकून नवा घ्यायचा.

पत्ते पिसण्यातही हेच. प्रत्येक पत्त्याची ५२पैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करणारा लूप लिहिला की पिसणी एका बाजूला झुकते. तीनच पत्ते घेऊन कागदावर करा. वाटा २७, मांडण्या ६. २७ला ६ने भाग जात नाही, तेव्हा सगळ्या मांडण्या सारख्या वेळा येणं शक्यच नाही. फिशर-येट्स पद्धत जशी पुस्तकात आहे तशीच लिहा, स्वतःची अक्कल लावू नका.

५. गणिताचा कागद

याला धंद्यात पारशीट म्हणतात. पेटेबल (कुठल्या निकालाला किती पैसे याचा तक्ता), रीलवर, म्हणजे चिन्हांच्या फिरत्या पट्टीवर, कुठलं चिन्ह किती वेळा, बोनस केव्हा लागतो, प्रत्येक निकालाची शक्यता, आणि त्या सगळ्यांतून निघणारा आरटीपी, म्हणजे लावलेल्या शंभर रुपयांमागे दीर्घकाळात खेळणाऱ्याकडे परत जाणारी रक्कम. लॅब हा आकडा तुमच्याकडून घेऊन मान्य करत नाही. स्वतः नव्याने काढते. दोन्ही जुळले पाहिजेत.

तीन पत्तीवर आधारलेला गेम करणार असाल तर हे कोष्टक पाठच करा. ५२तून ३ पत्त्यांचे २२,१०० हात होतात: ट्रेल ५२, प्युअर सीक्वेन्स ४८, सीक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि बाकी सगळे १६,४४०. गंमत बघा, ट्रेल सगळ्यांत वरचा हात, पण प्युअर सीक्वेन्स त्याहून दुर्मीळ. हाताच्या मानाप्रमाणे ‘वरच्याला जास्त’ अशी पेटेबल डोळे झाकून भरली तर आरटीपी भलतीकडेच जातो.

आणि एक्का-दुर्री-तिर्री. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरोघर पत्त्यांचे डाव रंगतात तेव्हा हा सीक्वेन्स धरायचा की नाही यावरून किती आवाज चढतात ते मी सांगायला नको. वरच्या कोष्टकात तो धरलेला आहे. नाही धरला तर प्युअर सीक्वेन्स ४४ होतात आणि सीक्वेन्स ६६०. घरी भांडण मिटतं. इथे गणित एक, कोड दुसरं आणि मदत-पान तिसरंच सांगत असेल तर गेम परत येतो. नियम एका जागी लिहा आणि तिन्ही तिथूनच घ्या.

सिम्युलेशनबद्दल एक इशारा. ‘दहा हजार फेऱ्या चालवल्या, आरटीपी १०४ आला, गणित चुकलं’ असं ओरडत कोणीतरी येतं. रुलेत एकाच आकड्यावर पैसे लावत गेलात तर दहा हजार फेऱ्यांनंतरही ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं ते एवढंच, की आकडा ९७.३च्या आजूबाजूला साधारण साडेअकरा टक्क्यांच्या आत असेल. १० लाख फेऱ्यांना ही पट्टी १.१ टक्क्यावर येते, १० कोटींना ०.११वर. मोठ्या बोनसच्या स्लॉटला याहून जास्त फेऱ्या लागू शकतात. आधी पट्टी काढा, मग ओरडा.

आणखी दोन अटी इथेच बघून घ्या. पडद्यावर फासा किंवा नाणं दाखवलं की त्याची शक्यता खऱ्या फाशासारखीच लागते. आणि खेळणारा हरत चाललाय की जिंकत, यावरून गेमने शक्यता बदलायच्या नाहीत. मार्केटिंगकडून ‘नवीन प्लेअरला सुरुवातीला थोडं जिंकू द्या’ अशी मागणी आली तर ती ईमेलवर मागवा. ती बहुधा येणार नाही.

६. बिल्ड गोठवा

तपासायला दिलेला बिल्ड आणि सर्व्हरवर चढणारा बिल्ड एकच आहे, हे हॅशवरून, म्हणजे फायलीच्या मजकुरातून काढलेल्या डिजिटल ठशावरून, सिद्ध होतं. महत्त्वाच्या प्रत्येक फायलीचा एसएचए-१ किंवा एसएचए-२५६ काढून यादी द्यायची. निकालावर परिणाम करणारी फाइल ती महत्त्वाची, असा ढोबळ हिशेब.

दोन ठिकाणी पाय घसरतो. तोच सोर्स पुन्हा बिल्ड केला तरी हॅश वेगळा येतो, कारण बिल्ड करताना फायलीत तारीख-वेळ घुसते. ती काढून टाका, म्हणजे लॅबने स्वतः बिल्ड केला तरी तोच हॅश निघेल. दुसरं म्हणजे फायली जलद पोचवणारी सीडीएन सेवा जावास्क्रिप्ट परस्पर आवळून लहान करते. वेग वाढतो, हॅश मरतो. ती सोय बंद ठेवा.

लॅबला हवा तो निकाल आणून देणारं फोर्स टूल द्यावं लागतं, नाहीतर दुर्मीळ बोनस बघायला तपासणारा महिनाभर बटण दाबत बसेल. पण हे टूल खऱ्या बिल्डमध्ये चुकूनही राहता कामा नये. ‘बटण लपवलंय’ हे उत्तर नव्हे. कोडच त्यात असायला नको.

७. पाठवायचं बाड

- सबमिशनचं पत्र: गेमचं नाव, आवृत्ती, कुठले देश, कुठलं मानक
- पारशीट, आणि आरटीपीचे एकाहून अधिक पर्याय असतील तर प्रत्येकाची वेगळी
- पूर्ण सोर्स कोड आणि बिल्ड कसा करायचा याच्या सूचना
- महत्त्वाच्या फायलींची यादी, हॅशसकट
- आरएनजीचं सर्टिफिकेट, दुसऱ्याचं असेल तर वापराचं पत्र
- नियमांचं आणि मदतीचं पान, ज्या ज्या भाषांत गेम जाणार त्या सगळ्या भाषांत
- चाचणी सर्व्हरचा पत्ता, लॉगिन, फोर्स टूल आणि ते वापरायची टिपणी
- मधेच इंटरनेट गेलं तर अर्धवट फेरीचं काय होतं, याचं वर्णन
- आधीच्या आवृत्तीचा रिपोर्ट असेल तर तो, आणि बदलांची यादी

सोर्स कोड जाण्याआधी गोपनीयतेचा करार सहीसकट हातात हवा, आणि फायली एन्क्रिप्ट करूनच जायला हव्यात. जूनमध्ये मोठी फाइल संध्याकाळी अपलोडला लावू नका; वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आणि चवथीच्या आठवड्यात सबमिशन ठेवू नका. मेलबर्नला आपल्या सणाचं काही नसतं, त्यांच्या शंका येत राहतात, आणि तुमचा गणिताचा माणूस पेडण्याला घरी गणपतीवरची माटोळी बांधत असतो.

८. शंकांची यादी आली की

येणारच. एकही शंका आली नाही तर मलाच शंका येते. प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्या: मान्य की अमान्य, काय बदललं, कुठल्या फायलीत, नवा हॅश कोणता. अमान्य असेल तर मानकाच्या कलमाचा आकडा देऊन लिहा. लॅबही चुकते, आणि मुद्देसूद उत्तराला मान देते. या फेरीत ‘जाता जाता’ दुसरं काही सुधारू नका. रंग बदलला एवढंच, म्हणून पाठवलेला बिल्ड पुन्हा पहिल्यापासून तपासायला जाऊ शकतो.

९. रिपोर्ट कसा वाचायचा

पहिल्या पानावरचा शिक्का बघून ऑपरेटरला फॉरवर्ड करू नका. आवृत्तीचा आकडा, मानकाचं नाव आणि त्याची आवृत्ती, देश, आरटीपी, हॅशची यादी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘व्याप्ती’ व ‘अटी’ हे परिच्छेद. एकाच नावाचा स्लॉट ९६, ९४, ९२ टक्क्यांत येऊ शकतो आणि कुठला लावायचा ते ऑपरेटर ठरवतो. रिपोर्टात ९६चाच उल्लेख असेल तर ९२ लावता येत नाही.

व्याप्तीबाहेर काय राहतं, याची दोन उदाहरणं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. २००७मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन साइटवर काही खात्यांना समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. आतल्या माणसाचंच काम, आणि उघडकीला आणलं खेळणाऱ्यांनी, जुन्या डावांच्या नोंदी तपासून. पत्ते कितीही नीट पिसले असते तरी त्याने काही अडलं नसतं. दुसरं, अमेरिकेतल्या मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशनचा माहिती-सुरक्षेचा प्रमुख एडी टिप्टन. वर्षातल्या ठरावीक दिवशीच जागा होणारा कोड त्याने आकडे काढणाऱ्या यंत्रांत घातला होता. २०१०च्या एका तिकिटावरून प्रकरण फुटलं, २०१५मध्ये तो दोषी ठरला आणि २०१७मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. म्हणून आरएनजी लिहिणाऱ्याच्या हातात सर्व्हरवर चढवायची किल्ली देऊ नका. छोट्या स्टुडिओत तीनच माणसं असतात, अडचण होते, पण तरीही.

साइटवर शिक्का लावताना तो लॅबच्या स्वतःच्या पत्त्यावरच्या सर्टिफिकेटला जोडलेला असावा. नुसतं चित्र कोणीही चिकटवू शकतं, आणि चिकटवतात. मित्र एखाद्या परदेशी साइटवरचा शिक्का दाखवून ‘ही सेफ ना?’ विचारतील. शिक्का अगदी खरा असला तरी दोन गोष्टी सांगा: पहिल्या टप्प्यातला कायदा, आणि रुले पूर्ण प्रामाणिक असलं तरी शंभरामागे २ रुपये ७० पैसे साइटकडेच राहतात. सर्टिफिकेट तेवढेच राहतात याची हमी देतं.

१०. सर्टिफिकेट मिळाल्यावर

प्रत्येक बदलाची नोंद ठेवा आणि तो महत्त्वाच्या फायलीला लागतो का ते कोड चढवण्याआधी ठरवा, नंतर नव्हे. लागत असेल तर पुन्हा लॅब. भाषांतरातली चूक दुरुस्त करणंही, ती नियमांच्या पानावर असेल तर, विचारून करा.

ब्रिटनसारख्या बाजारात गेम चालू असतानाही प्रत्यक्ष आरटीपीवर लक्ष ठेवावं लागतं. इथे पाचव्या टप्प्यातली पट्टी पुन्हा कामाला येते: किती फेऱ्या झाल्या त्याप्रमाणे वरची-खालची मर्यादा काढा आणि आकडा तिच्याबाहेर गेला की गेम थांबवून चौकशी करा. आठवड्याभराच्या आकड्यावर मालक घाबरला तर त्याला पट्टी दाखवा.

नियामकांच्या आणि लॅबच्या सूचना येतात तो ईमेल पत्ता कोणा एकाच्या नावाचा ठेवू नका, टीमचा ठेवा. मानकाची नवी आवृत्ती आली, ती लागू होण्याची तारीख गेली आणि ते पत्र सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून आहे, हे नेहमीचं आहे. रिपोर्ट, हॅशची यादी, तो बिल्ड आणि त्याचा सोर्स, चारही एकाच फोल्डरमध्ये, देशागणिक. जुन्या आवृत्त्याही पुसू नका. एखाद्या खेळणाऱ्याची तक्रार दोन वर्षांनी आली तर त्या दिवशी कुठला बिल्ड चालू होता, हेच पहिलं विचारतात.